21 हजारांची अट गरिबाला खोटं बोलायला लावते

निराधार योजनेचे पैसे या महिन्यात आले का, ही चर्चा गावोगावच्या पारावर कायम चालू असते. पण पैसे सुरू होण्याआधीच जी अट माणसाला अडवते, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ती अट म्हणजे 21 हजारांचा उत्पन्नाचा दाखला.

संजय गांधी निराधार आणि 65 वर्षांपुढच्या लोकांसाठीची श्रावणबाळ, या दोन्ही योजनांत दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत लागतं. ग्रामीण भागातली ती यादी 2002 च्या सर्वेक्षणावरची. त्यानंतर विधवा झालेली, वेगळं राहणारी, म्हातारी झालेली माणसं त्या यादीत येणार कुठून? त्यांना दाखल्याशिवाय वाट नाही.

आता हिशेब करा. 21 हजार म्हणजे महिन्याला 1,750, दिवसाला साधारण 58 रुपये, तेही अख्ख्या घराचे. 2025-26 मध्ये राज्यात रोजगार हमीची मजुरी 312 रुपये होती. घरातल्या एकाने 68 दिवस काम केलं की 21,216 रुपये होतात आणि ते घर अटीबाहेर जातं. त्याच कायद्यात कुटुंबाला 100 दिवसांची हमी होती, म्हणजे 31,200 रुपये. सरकारनेच दिलेलं काम पूर्ण केलं तर सरकारच्याच हिशेबात ते घर गरीब राहत नाही.

मग लोक करतात काय? दाखल्यावर 20 नाहीतर 21 हजार लिहून घेतात. तलाठ्याला माहीत असतं, गावालाही माहीत असतं. पण हा कागद उद्या त्याच माणसाच्या अंगावर येऊ शकतो. गावात वाकडं आलं की तक्रार, तक्रार झाली की चौकशी, आणि चौकशीत पैसे बंद. दलालाचं फावतं ते इथंच. अट खरी पाळता येण्यासारखी असती तर "मी करून देतो" म्हणणाऱ्याला कुणी विचारलं नसतं.

पैसा नाही म्हणून अट कडक ठेवली, असं म्हणावं तर लाडकी बहीण योजनेकडे बघा. तिथंही महिन्याला 1,500 च, पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. एकाच राज्यात, तेवढ्याच रकमेसाठी एका बाईला अडीच लाख चालतात आणि 65 ओलांडलेल्या म्हातारीला 21 हजार. हे कुठल्या गणितात बसतं?

मर्यादा बदलताच येत नाही असंही नाही. दिव्यांगांसाठी ती 50 हजार केलेली आहे. अनुदानाची रक्कमही 600 वरून 1,000 आणि 2023 मध्ये 1,500 झाली. रक्कम वाढवली की बातमी होते, अट वाढवली की लाभार्थी वाढतात आणि तिजोरीवर बोजा पडतो. खरी अडचण ही आहे. ती सरकारने उघड सांगावी, गरिबाच्या दाखल्याआड लपू नये.

तोवर आपल्या हातात एवढं आहे. ज्यांचे पैसे चालू आहेत त्यांनी हयातीचा दाखला वेळेत द्यावा आणि बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते बघून घ्यावं. आणि पुढच्या ग्रामसभेत रस्ता-गटाराच्या ठरावांसोबत एक ठराव 21 हजारांची अट वाढवण्याचाही घ्यावा. मतं मागायला येणाऱ्यांच्या हातात त्याची प्रत द्यावी.