घरोघरी विज्ञान : राउटर रात्री बंद करू नका!



हल्ली मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या वेळी दोन प्रश्न हमखास येतात. तरुण मंडळी विचारतात, "मागच्या खोलीत वायफाय का येत नाही?" आणि ज्येष्ठ मंडळी विचारतात, "जुनी लँडलाइन बंद होणार असे पत्र आले आहे, आता काय करायचे?" दोन्ही प्रश्न शेवटी एकाच वस्तूपाशी येतात, म्हणून या वेळचा विषय : घरातला राउटर.

इंटरनेट वेगळे, वायफाय वेगळे

रस्त्यावरून तारेने घरात येते ते इंटरनेट. तेच राउटर रेडिओलहरींवरून खोल्याखोल्यांत पोहोचवतो, ते वायफाय. नगरपालिकेचे पाणी टाकीपर्यंत येणे आणि टाकीतून वरच्या मजल्यावरच्या नळाला येणे, असा हा फरक. म्हणून तक्रार करण्याआधी लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून पाहा. तसे नीट चालले, तर अडचण घरातल्या वायफायची. तसेही चालले नाही, तर कंपनीला फोन करा.

राउटर ठेवावा कुठे?

वेम्बलीतली बरीचशी घरे दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली. फोनचे सॉकेट पुढच्या दाराजवळ, म्हणून राउटरही तिथेच, चपलांच्या कपाटामागे. निम्म्या लहरी रस्त्यावर जातात आणि उरलेल्या विटांच्या भिंतींतून स्वयंपाकघरापर्यंत पोहोचता पोहोचता दमतात. राउटर शक्य तितका घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्यावर ठेवावा. धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेते. तेव्हा फ्रिज, रेडिएटर, मोठा आरसा, माशांची टाकी आणि स्टीलच्या डब्यांची फळी यांपासून तो लांब बरा. लॉफ्टमध्ये खोली काढली असेल तर तिथल्या इन्सुलेशनला बहुधा चंदेरी फॉइल असते. वर वायफाय न येण्याचे कारण अनेकदा तेच असते.

राउटर साधारणपणे दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब असते. ती भिंतीतून बरी जाते, पण वेग कमी. ५ गिगाहर्ट्झची लहर सुमारे सहा सेंटिमीटर. वेग जास्त, पण भिंतीपुढे लवकर हार मानते. स्टेडियमभोवतीच्या नव्या इमारतींत शेजाऱ्यांच्या राउटरांची २.४ वर गर्दी होते. तिथे ५ निवडा. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ वर चालतो, म्हणून तो चालू असताना स्वयंपाकघरात वायफाय अडखळते.

घर मोठे असेल तर मेश प्रकारचा दुसरा बॉक्स घ्यावा. मात्र तो सिग्नल नसलेल्या खोलीत न ठेवता वाटेत, मध्यावर ठेवावा. जिथे सिग्नलच नाही तिथून तो पुढे काय पाठवणार?

"या लहरी अंगाला बाधतात का?" हाही प्रश्न असतो. रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर रेणूतला बंध तोडायला जेवढी ऊर्जा लागते, त्यापेक्षा वायफायच्या एका कणाची ऊर्जा काही लाख पटींनी कमी असते. २.४ च्या पट्टीवर राउटरला परवानगी आहे ती एका वॅटच्या दहाव्या हिश्श्याची. ओव्हन आठशे वॅटचा असतो. निर्धास्त राहा.

कुलूप

पासवर्ड लांब हवा. एकमेकांशी संबंध नसलेले तीन शब्द जोडावेत, मग ते मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले तरी चालतील. मुलांची नावे आणि जन्मतारखा नकोत. सुरक्षेचा प्रकार 'डब्ल्यूपीए ३' किंवा निदान 'डब्ल्यूपीए २' निवडा. गणपतीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी 'गेस्ट' नेटवर्क वेगळे ठेवा.

आता लँडलाइनचे

जुन्या तांब्याच्या तारेतून फोनला वीज एक्स्चेंजमधूनच मिळत असे. म्हणून घरातले दिवे गेले तरी तारेचा साधा फोन वाजत असे. ही पद्धत डिसेंबर २०२५ मध्ये बंद करायचे आधी ठरले होते. मे २०२४ मध्ये बीटीने ३१ जानेवारी २०२७ ही नवी मुदत जाहीर केली. नव्या पद्धतीत फोनची वायर बहुधा राउटरच्या मागे लागते. नंबर सहसा तोच राहतो. पण राउटर चालतो घरच्या विजेवर. वीज गेली की फोन गेला.

आपल्यापैकी अनेकांना रात्री झोपताना राउटर बंद करायची काटकसरीची सवय आहे. राउटर साधारण दहा वॅट वीज घेतो. रोज आठ तास बंद ठेवून वर्षाकाठी तीसेक युनिट वाचतात. पण फोन राउटरवर गेल्यानंतर ते बटण बंद केले, की रात्रभर ९९९ लाही त्या फोनवरून बोलता येणार नाही. ज्या आजी-आजोबांच्या गळ्यात मदतीची कळ आहे, त्यांची कळही फोनच्या लाइनवर चालणारी असेल तर मुकी होईल. बदलानंतर अशा कळा न चालल्याचे गंभीर प्रकार घडले, म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये फोन कंपन्यांनी सरकारबरोबर सनद करून सक्तीचे बदल थांबवले होते.

तेव्हा एवढे करा :

१. घरात गळ्यातली कळ किंवा फोनवर चालणारा चोर-अलार्म असेल, तर बदलाआधी फोन कंपनी आणि अलार्मची कंपनी, दोघांनाही कळवा. बदल झाल्यावर त्याच दिवशी कळ दाबून पाहा.

२. मोबाइल नसेल किंवा घरात मोबाइलला सिग्नल येत नसेल, तर तसे कंपनीला सांगा. वीज गेल्यावर निदान एक तास आपत्कालीन फोन करता यावा अशी सोय अशा ग्राहकांना विनामूल्य द्यावी, असा ऑफकॉमचा दंडक आहे. मागितल्याशिवाय कंपनीला तुमची गरज कळणार नाही.

३. एक साधा मोबाइल चार्ज करून उशाशी ठेवा. वीज गेल्याची तक्रार १०५ वर करता येते.

४. "लाइन बदलायची आहे, कार्डाचा नंबर सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या. मग बिलावर छापलेल्या नंबरवर आपण होऊन फोन करा.

५. पेन्शन क्रेडिट किंवा युनिव्हर्सल क्रेडिट मिळत असेल तर स्वस्त 'सोशल टॅरिफ'ची चौकशी करा.

मुलाबाळांना विनंती : पुढच्या रविवारी आईवडिलांकडे जेवायला जाल, तेव्हा फोनची वायर भिंतीत जाते की राउटरमध्ये, एवढे पाहा. राउटरमध्ये जात असेल तर त्याच्या बटणावर "बंद करू नये" अशी मराठीत चिठ्ठी लावा. ज्यांची मुले लांब आहेत, त्यांनी कार्यक्रमाच्या दिवशी स्वागताच्या टेबलावर नाव द्यावे. आपले स्वयंसेवक घरी येऊन पाहून जातील.