उंबऱ्यापलीकडची घाण

माथेरानच्या डोंगरातून उतरणारी गाढी देहरंगच्या धरणात अडते, पनवेलकरांना पाणी पाजते आणि नेरे, विचुंबे, देवद ही गावे मागे टाकत खाडीला मिळते. तिच्यावरच्या पुलावर सकाळी उभे राहा. कामाला निघालेला गृहस्थ गाडी बंदही करीत नाही. हँडलला अडकवलेली, गच्च गाठ मारलेली पिशवी कठड्यावरून खाली जाते. पिशवीत निर्माल्य असेल तर हात तेवढा कपाळाला लागतो. रात्रीचा भात, लेकराचे डायपर, देवाची फुले, सारे त्याच पाण्यात.

ही अडाणी माणसे नव्हेत. यांच्या फरशीवर ओला पाय उमटलेला खपत नाही. पण घाण काढणे म्हणजे ती दुसऱ्याच्या वाट्याला ढकलणे, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकत आलो. घाण करणारा सोवळा आणि उपसणारा हलका, असे ठरवून बसलेल्या समाजाला दुसरे काय सुचणार? गाडगेबाबा दिवसा खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तन करीत. आपण त्यांची तसबीर ग्रामपंचायतीत लावली. खराटा सफाई कामगाराच्याच हाती ठेवला.

पूर्वी परसात उकिरडा असे. शेण, राख, भाजीची देठे कुजून भातशेतीत जात. शेते गुंठ्यागुंठ्याने विकली गेली, तिथे इमारती आल्या, उकिरडा गेला आणि प्लास्टिक आले. घंटागाडी रोज येत नाही, ही तक्रार खरी आहे. तिचा जाब विचारलाच पाहिजे. पण गाडी आली तरी ओला-सुका एकाच डब्यातून ओतणारे हात आपलेच. वर्गीकरण २०१६च्या घनकचरा नियमांनी बंधनकारक केले, प्लास्टिकच्या पिशव्यांवर राज्यात २०१८पासून बंदी आहे. तरी बाजारात आपणच पिशवी मागून घेतो. खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्याने आपले काय बिघडवले, की त्याने मासळीआधी आपला कचरा निवडावा?

ग्रामसभेत रस्त्यासाठी, दिव्यासाठी आपण तावातावाने भांडतो. कचऱ्याच्या जागेचा विषय निघाला की प्रत्येक आळी म्हणते, आमच्याकडे नको. ठराव बारगळतो. मग कोणीही न ठरवता ती जागा ठरते: गाढीचा काठ, कारण तिच्या बाजूने हात वर करणारे सभेत कोणी नसते.