सदाफुली लावा, पण तिची पाने चघळू नका

भगिनींनो, जागा नाही आणि वेळही नाही, मग झाडे लावायची कशी, असे पुष्कळ घरांतून ऐकू येते. नोकरी, मुलांची शाळा आणि नळाची वेळ सांभाळणाऱ्या बाईने सदाफुली लावावी. ही मूळची मादागास्कर बेटावरची. आता आपल्याकडे गावात कुंपणाला आणि शहरात चाळीच्या कठड्यावर सर्रास दिसते. गुलाबी किंवा पांढरी, पाच पाकळ्यांची फुले जवळजवळ बारा महिने येतात.

आठ इंची कुंडी पुरते. तेलाचा रिकामा डबाही चालतो. मात्र बुडाला तीन-चार भोके पाडावीत. दोन भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग जुने शेणखत मिसळून भरावे. रोज पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा द्यावी. सावलीत झाड नुसतेच उंच होते, फुले कमी येतात.

सदाफुली तहानेपेक्षा जास्त पाण्यानेच मरते. वरची माती बोटाच्या पेराएवढी कोरडी लागली तरच पाणी घालावे. पावसाळ्यात मुळे कुजून शेंडे माना टाकतात, म्हणून कुंडी पागोळीखाली ठेवू नये. कुंडीखालच्या बशीतले पाणीही ओतून द्यावे, त्यात डास होतात. खताचा मारा केला तर पालाच माजतो. अधूनमधून शेंडे खुडले की झाड भरगच्च होते.

नवे रोप विकत आणायला नको. फुलांनंतर बारीक जोडशेंगा धरतात. त्या पिवळसर झाल्या की तडकण्याआधी काढून वाळवाव्यात. आतले काळे बी पेरून वर मातीचा पातळ थर द्यावा, कारण ते अंधारात चांगले रुजते. आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतात. दोन-तीन वर्षांनी जुने झाड खोडकट होते, तेव्हा हीच रोपे कामी येतात.

आता महत्त्वाचे. साखरेच्या आजारावर रोज सदाफुलीची पाने किंवा फुले चघळा, असा सल्ला शेजारीपाजारी सर्रास देतात. जमैकातही लोक या पानांचा काढा मधुमेहासाठी घेत. म्हणून कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी त्याची तपासणी केली. साखरेवर विशेष परिणाम दिसला नाही. पण प्रयोगातल्या प्राण्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. त्यातूनच 1958 साली व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरचे औषध हाती आले. पुढे याच झाडातून मिळालेले व्हिनक्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही वापरतात. एक ग्रॅम औषधासाठी शेकडो किलो वाळलेला पाला लागतो, आणि ते डॉक्टर मोजून, शिरेतूनच देतात.

म्हणजे हे झाड साधेसुधे नाही. पाने पोटात गेली तर उलट्या, पोटदुखी, रक्तदाब उतरणे असे त्रास होऊ शकतात. गरोदर बाईने तर ती तोंडात घालूच नयेत. कुंडी रांगत्या मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. घरात कुणाला साखरेचा आजार असेल तर रक्त तपासून घ्यावे आणि डॉक्टरांच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. कुणी पाने चघळत असेल, तर हे त्यांना आजच वाचून दाखवा.