खरा निवाडा, चुकीचा कायदा

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२६ मध्ये लीव्ह अँड लायसन्सच्या एका वादात, अस्तित्वातच नसलेल्या निवाड्याचा आधार लेखी युक्तिवादात घेतल्याबद्दल पक्षकारावर ५० हजार रुपयांचा खर्च बसवला, आणि तेव्हापासून तालुक्याच्या बाररूममधील कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा उद्धृत केलेला निवाडा खरा की खोटा, या एकाच प्रश्नाभोवती फिरू लागली आहे. न्या. एम. एम. साठये यांनी त्या युक्तिवादातील हिरव्या चौकटीतल्या बरोबरच्या खुणा, ठिपक्यांच्या याद्या आणि पुन्हा पुन्हा येणारा तोच मजकूर यांवरून तो यंत्राने लिहिल्याचे हेरले. मात्र संशोधनाला अशा साधनाची मदत घेण्यास हरकत नसून पडताळणीची जबाबदारी वापरणाऱ्याचीच राहते, असेही बजावले. पुढे फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने, आंध्र प्रदेशातील एक कनिष्ठ न्यायालय यंत्रनिर्मित बनावट निवाड्यांवर विसंबल्याच्या प्रकरणात, अशा निर्णयाला निव्वळ चूक न समजता गैरवर्तन मानले जाईल, असा इशारा दिला.

बाररूममधील प्रश्न योग्य आहे, पण अपुरा आहे, आणि वऱ्हाडात तर तो खऱ्या धोक्यावरून लक्ष उडवणारा आहे. बनावट निवाडा पकडणे आता फारसे कठीण राहिलेले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ पासून प्रत्येक निर्णयाला तटस्थ उद्धरण क्रमांक, म्हणजे कोणत्याही खासगी प्रकाशनावर अवलंबून नसलेला न्यायालयाचा स्वतःचा क्रमांक, देण्यास सुरुवात केली असून नागपूर खंडपीठाच्या निर्णयांत त्यात वर्षामागोमाग ‘बीएचसी-एनएजी’ ही अक्षरे येतात. सर्वोच्च न्यायालयाचे १९५० पासूनचे अहवालबद्ध निवाडे ई-एससीआर या त्याच्याच पोर्टलवर विनामूल्य उपलब्ध आहेत. हा क्रमांक टाकून पाहण्यास पाच मिनिटे पुरतात, आणि तेवढीही ज्याला काढता येत नाहीत त्याने वकालतनामा स्वीकारताना विचार करावा. परंतु निवाडा खरा आहे, क्रमांक जुळतो, परिच्छेदही जागेवर आहे, आणि तरीही तो ज्या कायद्याखालचा आहे तो कायदा त्या जमिनीला कधी लागूच नव्हता, अशी चूक या पडताळणीतून बिनबोभाट सुटते.

कूळ हक्काच्या वादाचेच उदाहरण घ्यावे. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगाव हे गाव जुन्या वऱ्हाडात मोडत असल्यामुळे तेथील शेतजमिनीच्या कुळाचा प्रश्न महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन (विदर्भ प्रदेश) अधिनियम, १९५८ याखाली येतो, पश्चिम महाराष्ट्राच्या १९४८ च्या कायद्याखाली नव्हे, आणि मराठवाड्याच्या १९५० च्या हैदराबाद कायद्याखालीही नव्हे. या तीन कायद्यांची भाषा एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहे की वरवर वाचणाऱ्याला फरक जाणवत नाही, पण परिणाम वेगळे होतात. १९४८ च्या कायद्यात कूळ मालक झाल्याचे मानण्याचा कृषकदिन १ एप्रिल १९५७ हा आहे, तर विदर्भाच्या कायद्यातील कलम ४६ प्रमाणे तो १ एप्रिल १९६१, आणि नंतर घातलेल्या कलम ४९-अ प्रमाणे १ एप्रिल १९६३. दिवाणी दाव्यात कूळ असल्याचा मुद्दा निघाला तर पुण्याकडचा वकील कलम ८५-अ चा आधार घेऊन तो मामलेदाराकडे पाठवण्याची मागणी करतो. कारंजाच्या न्यायालयात तीच मागणी कलम १२५ खाली करावी लागते आणि मुद्दा कलम १०० प्रमाणे तहसीलदाराकडे जातो.

संभाषण करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता हा भेद वारंवार गिळून टाकते. अशा प्रणालीला लार्ज लँग्वेज मॉडेल म्हणतात. ती कायदा जाणत नाही, तर तिला दाखवलेल्या अफाट मजकुरावरून पुढचा शब्द कोणता संभवतो याचा अंदाज बांधते, आणि म्हणून ज्या कायद्यावर मजकूर जास्त त्याच्याकडे तिचा ओढा जास्त असतो. १९४८ च्या कायद्यावर मुंबई-पुण्यापासून कोल्हापूर-नाशिकपर्यंतच्या वादांतून दशकानुदशके निर्णय साचत आले आहेत, तर विदर्भाच्या कायद्यावरील जुने निर्णय मोठ्या प्रमाणात छापील खंडांत पडून आहेत. प्रश्नात ‘कूळ’, ‘शेतजमीन’ आणि ‘महाराष्ट्र’ एवढे शब्द दिले की उत्तरात १९४८ च्या कायद्याचे कलम ३२-ग हजर होते, सोबत खरेखुरे निवाडेही येतात, आणि तरुण वकील ते छापून पुरसिससोबत जोडून मोकळा होतो. याच जातीची दुसरी चूक झुडपी जंगलाची: मे २०२५ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या जमिनींविषयी असून वाशीम त्यांत नाही, तरीही ‘विदर्भ’ या एका शब्दावरून यंत्र तो इथल्या ई-क्लास जमिनीच्या, म्हणजे वऱ्हाडात गुरेचराई वगैरेंसाठी राखलेल्या सरकारी जमिनीच्या, वादात आणून बसवू शकते.

वकिलांना एवढे सुनावल्यावर अधिकाऱ्यांना मोकळे सोडणे अन्यायाचे ठरेल. केएमजी वायर्स प्रकरणात आयकर विभागाच्या फेसलेस, म्हणजे करदाता व अधिकारी समोरासमोर न येता चालणाऱ्या, निर्धारणात तीन अस्तित्वशून्य निवाड्यांचा आधार घेऊन कंपनीचे सुमारे ३ कोटी ९ लाखांचे घोषित उत्पन्न २७ कोटी ९१ लाखांवर नेण्यात आले होते. शिवाय एका पुरवठादाराने आयकर कायद्याच्या कलम १३३(६) खालील नोटिशीला कागदपत्रांसह उत्तर दिले असताना उत्तरच आले नाही, असे आदेशात लिहिले गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि अर्धन्यायिक अधिकार वापरणाऱ्याने यंत्राने पुढे टाकलेले निष्कर्ष पडताळल्याशिवाय वापरू नयेत, असे सुनावले. त्या कंपनीला उच्च न्यायालयापर्यंत जाणे परवडले. कामरगावच्या तीन एकरवाल्या कास्तकाराला तहसीलदाराचा असा आदेश मिळाला तर त्याच्यापुढे अपील, महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणाकडे पुनरीक्षण आणि मग नागपूर खंडपीठ अशी वाट उरते, आणि ती संपेपर्यंत वारस नोंदीचे दोन फेरफार होऊन गेलेले असतात. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये आपल्या जिल्हा न्यायालयांसाठी धोरण आखून निष्कर्ष, दाद वा निर्णय यांपर्यंत पोचण्यासाठी यंत्राचा वापर करण्यास मनाई केली. महसुली कार्यालयांत जिथे मागच्या आदेशातील नावे बदलून पुढचा आदेश निघतो, तिथे तर अशा मनाईची गरज न्यायालयांहून अधिक आहे. क्रमांक न देता निवाड्याचा आधार घेणाऱ्या प्रत्येक आदेशावर वकिलांनी अपिलाच्या पहिल्याच मुद्द्यात बोट ठेवले पाहिजे.

गोपनीयतेविषयी थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण त्यात वादाला जागा नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ ने अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड न करण्याचे बंधन घातले आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख प्रसिद्ध करणे दंडनीय ठरवले आहे. असे असताना दोषारोपपत्राचे फोटो मोबाइलवरील फुकट ॲपला ‘सारांश काढ’ म्हणून देणारे सदस्य अनेक बारमध्ये आहेत. ॲपच्या अटी वाचलेल्या नसतील तर तो कागद कुठे साठतो व कोण वाचतो हे त्यांना ठाऊक नसते. वाचल्या असतील तर प्रकार अधिकच गंभीर.

यंत्रापासून दूर पळा, असा या लेखनाचा अर्थ कोणी काढू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढील सुनावणीचे यंत्राधारित शब्दांकन २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाले ते महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाच्याच प्रकरणात, आणि निवाड्यांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ हे साधन २०१९ पासून आहे. जिल्ह्यातील न्यायालयांची भाषा मराठी आणि वरच्या न्यायालयाची इंग्रजी, अशा स्थितीत कच्चे भाषांतर, तारखांचा क्रम लावणे, लांबलचक साक्षीतील विसंगती शोधणे, ही कामे यंत्राने जरूर करावीत. फक्त त्याला प्रश्न विचारण्यापूर्वी जमीन कोणत्या जुन्या प्रांतात होती, वादाची घटना कोणत्या तारखेची आणि त्या तारखेला कोणता कायदा अमलात होता, या तीन गोष्टी वकिलाने स्वतः सातबारा, पेरेपत्रक आणि अधिकार अभिलेख पाहून कागदावर उतरवल्या पाहिजेत. शोधाची दिशा त्या कागदाने ठरवावी.

वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव, रिसोड आणि मानोरा येथील वकील संघांना या निमित्ताने आवाहन आहे. उन्हाळी सुटीपूर्वी प्रत्येक संघाने ठराव करून लेखी युक्तिवादासोबत एका पानाचे आधारपत्रक जोडण्याचा प्रघात सुरू करावा, ज्यात अधिनियमाचे पूर्ण नाव त्यातील प्रदेशवाचक कंसासह, कलम, निवाड्याचा तटस्थ क्रमांक किंवा छापील खंडाचे पान, आणि तो निवाडा मुळातून वाचल्याची वकिलाची सही असावी. दुसरे काम ज्येष्ठांचे आहे. विदर्भाच्या कूळकायद्यावरील जुने निर्णय ज्यांच्या कपाटात बांधीव खंडांत आहेत, त्यांनी ते कनिष्ठांना उघडून द्यावेत आणि संघाने त्यांचा मूळ मजकूर टंकलिखित करून घ्यावा. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निवाड्याचा मूळ मजकूर कोणालाही छापता येतो, मात्र प्रकाशकाने तयार केलेल्या हेडनोट, म्हणजे आरंभीचा सारांश, आणि संपादकीय भर यांवर त्याचा हक्क राहतो, असे स्पष्ट केलेले आहे. तेव्हा हेडनोट गाळून निवाडे उतरवावेत, शक्य तिथे अभिलेखागारातून प्रमाणित नक्कल काढून मजकूर ताडून पाहावा, आणि कलम ४६, ४९-अ, १०० व १२५ या कलमांवरील निवाड्यांपासून सुरुवात करावी, कारण याच चार कलमांच्या जागी १९४८ ची कलमे बसवली जाण्याचा धोका मोठा आहे.