मुदत वाढली, विद्यावेतनाचं काय?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि प्रयोगशाळांना कुलपं लागली. महिनोन्‌महिने जोपासलेली पेशीसंवर्धनं टाकून द्यावी लागली. पावसाळी वनस्पतींवर काम करणाऱ्याचा हंगाम गेला, तो थेट पुढच्या जूनपर्यंत. अभिलेखागारातले कागद तर घरी येतच नाहीत.

विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंध सादर करायला सहा महिने वाढवून दिले, नंतर मुदत आणखी लांबवली. मौखिक परीक्षा व्हिडिओवर घ्यायची मुभाही दिली. हे चांगलंच झालं. पण पुढच्या मुदतवाढीच्या सूचनेत एक वाक्य होतं: फेलोशिप मात्र पाच वर्षांचीच. म्हणजे वेळ आमच्याकडून घ्या, जेवणाचं तुमचं तुम्ही बघा! ब्रिटनमध्ये संशोधनाला निधी देणाऱ्या यूकेआरआय या संस्थेने एप्रिल २०२० मध्येच शेवटच्या वर्षातल्या संशोधकांना सहा महिन्यांपर्यंत विद्यावेतनासह मुदतवाढ जाहीर केली होती. तिथेही मधल्या वर्षांतले विद्यार्थी नाराज होतेच. तरी मुदतीला खर्च असतो, एवढं तरी तिथे मान्य झालं.

या अंकात त्या काळाबद्दल संशोधकच लिहीत आहेत. मार्गदर्शकांना आम्ही मुद्दाम विचारलेलं नाही. त्यांचा पगार चालू होता.