फ्रेंच सैन्याला आवतण कोणाचं?

३० जुलै २०२३ रोजी नायजरची राजधानी नियामे इथे हजारो लोक फ्रेंच दूतावासावर चालून गेले. चार दिवसांपूर्वीच लष्कराने राष्ट्राध्यक्ष मोहम्मद बाझूम यांना कैद करून सत्ता ताब्यात घेतली होती. आपल्याकडच्या चर्चांत तेव्हा दोन मुद्दे आलटूनपालटून येत राहिले. एक म्हणजे रशियाची फूस, आणि दुसरा, फ्रान्सची युरेनियमची भूक. दोन्हींत तथ्य आहे. पण मुळशीत वाढलेल्या माणसाला त्या बातमीत आणखी एक गोष्ट दिसते, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते.

आमचं मूळ गाव मुळशी धरणाच्या पाण्याखाली आहे. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, म्हणून टाटांच्या कंपनीने मुळा आणि निळा यांच्या संगमावर धरण बांधायला घेतलं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा, विनायकराव भुस्कुटे, सेनापती बापट, बापटांचा दीर्घ तुरुंगवास हे सारं पुणे जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांनाही ऐकून ठाऊक असतं. जमिनीच्या मालकीविषयी मात्र फारसं कोणी बोलत नाही. मुळशी पेट्यातली बरीचशी जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावावर होती. मोबदल्याचा आकडा पटला तसे त्यांतले अनेक जण लढ्यातून बाजूला झाले. कसणारी कुळं तेवढी उरली. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचं बळ कंपनीच्या पाठीशी होतंच. म्हणजे सरकारी बळजबरीला गावाबाहेरून, पण गावाच्याच नावाने, कोणीतरी होकार भरला होता. १९२७ मध्ये घाटाखालच्या भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. मी लहान असताना आमच्या घरी कंदीलच होता.

हा होकार डोक्यात ठेवून आफ्रिकेकडे पाहिलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात.

२४ एप्रिल १९६१ रोजी फ्रान्सने आयव्हरी कोस्ट, दाहोमी (आजचं बेनिन) आणि नायजर यांच्याशी संरक्षण करार केला. तिन्ही देश स्वतंत्र होऊन वर्षही उलटलं नव्हतं. करार संरक्षणाचा, पण त्याच्या परिशिष्टात खनिज तेल, युरेनियम, थोरियम, लिथियम यांची यादी होती. हा माल विकायचा तर आधी फ्रान्सला विचारायचं, असं त्यात लिहून घेतलेलं. मदतीसाठी सैन्य आणि खनिजांवर पहिला हक्क, दोन्ही एकाच दस्तऐवजात. सह्या करणारे होते नव्या देशांचे राज्यकर्ते, ज्यांची खुर्ची अजून डुगडुगत होती.

ती खुर्ची सावरायला फ्रेंच सैन्य कसं धावून येतं, हे १९६४ च्या फेब्रुवारीत गॅबनमध्ये दिसलं. तिथल्याच सैनिकांनी राष्ट्राध्यक्ष लेऑन एम्बा यांना हटवलं. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी छत्रीधारी सैनिक पाठवून दोन दिवसांत त्यांना परत बसवलं. गॅबनमध्ये तेलही होतं आणि युरेनियमही. आता दुसरी बाजू पाहा. १९७४ मध्ये नायजरचे राष्ट्राध्यक्ष हमानी दियोरी युरेनियमचा भाव वाढवून मागत होते. एप्रिलमध्ये त्यांच्याविरुद्ध उठाव झाला, तेव्हा नियामेतलं फ्रेंच सैन्य जागचं हललं नाही. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष पॉम्पिदू नुकतेच वारले होते, पॅरिस गोंधळात होतं, हेही खरं. पण सैन्य कोणासाठी निघतं आणि कोणासाठी थांबतं, हे आफ्रिकेतल्या प्रत्येक राज्यकर्त्याने त्या वर्षी नक्कीच टिपून ठेवलं असणार.

म्हणूनच ‘सगळं युरेनियमसाठी’ हे उत्तर मला अपुरं वाटतं. फ्रान्सची सुमारे दोन तृतीयांश वीज अणुभट्ट्यांतून येते, पण त्यांना युरेनियम कझाकस्तान आणि कॅनडाही पुरवतात. तिथे फ्रेंच छावण्या नाहीत. त्या उभ्या राहिल्या जिथे आत येण्याची वाट आधीच लिहून ठेवलेली होती, आणि जिथल्या राज्यकर्त्याला परक्यांपेक्षा आपल्याच लोकांची भीती जास्त होती.

मालीचं उदाहरण याला छेद देतं असं कोणी म्हणेल, आणि ते ऐकून घ्यायला हवं. जानेवारी २०१३ मध्ये जिहादी टोळ्या दक्षिणेकडे सरकत होत्या, हंगामी राष्ट्राध्यक्षांनी मदत मागितली, फ्रेंच सैन्य उतरलं, आणि टिंबक्टूच्या लोकांनी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष ओलांद यांचं मनापासून स्वागत केलं. ते स्वागत खोटं नव्हतं. पण त्याच सुमारास फ्रान्सने शेजारच्या नायजरमधल्या अरेव्हा या फ्रेंच कंपनीच्या खाणींच्या रक्षणासाठी विशेष दलाचे जवान धाडले. पुढे मोहिमेचं नाव बदललं, हद्द पाच देशांपर्यंत वाढली, वर्षं सरली, हिंसा वाढतच गेली. बहुसंख्य नायजरवासीयांच्या घरी अजूनही वीज नाही.

आपण वाचलो ते का? २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण गेट वे ऑफ इंडियातून बोटीत बसली. आपण राष्ट्रकुलात राहिलो, पण ब्रिटनशी संरक्षण करार केला नाही, तळ ठेवू दिला नाही. देशाचा आकार आणि पाठीशी असलेला जनाधार, यामुळे ते जमलं. आफ्रिकेतल्या छोट्या देशांना ती मोकळीक नव्हती, म्हणून त्यांच्या नेत्यांना सरसकट विकाऊ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

महाराष्ट्राने या प्रश्नाकडे लांबून पाहण्याचं कारण नाही. डिसेंबर २०१० मध्ये जैतापूरच्या अणुभट्ट्यांसाठी आपल्या अणुऊर्जा महामंडळाने करार केला तो याच अरेव्हाशी. पुढच्याच एप्रिलमध्ये तिथल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीने एक माणूस गेला. बंदूक आपली होती, म्हणून मेलेल्याच्या घरच्यांचं दुःख कमी झालं नसेल.

आता चित्र बदलतंय. २०२३ च्या डिसेंबरात फ्रेंच सैन्य नायजरमधून बाहेर पडलं, २०२५ मध्ये चाड आणि सेनेगलमधूनही. त्याच वर्षी नायजरने आपली युरेनियम खाण सरकारी मालकीची केली. नायजरमधल्या रिकाम्या जागी रशियन आले आहेत, आणि तिथले आजचे सत्ताधीशही निवडून आलेले नाहीत. भारतही आता आफ्रिकेत तांबं आणि कोबाल्ट शोधतो आहे. त्यासाठी आपण जे करार करू त्यांचं प्रत्येक परिशिष्ट दोन्ही देशांच्या संसदांत मांडलं जावं, आणि खाणीवरच्या गावांची संमती त्या गावांतच जाऊन घेतली जावी, राजधानीतल्या सावकाराकडून नव्हे.