बारमाही टायर

आमचा पुतण्या जर्मनींत म्युनिक येथें असतो. गेल्या मार्गशीर्षांत बर्फाळ उतारावर त्याची मोटार घसरली. सुदैवानें सूनबाई व बाळ सुखरूप राहिलीं. टायर तर ‘बारमाही’ म्हणून घेतलेले! मग चूक कोठें झाली?

उष्णमान सुमारें ७ अंशांच्या खालीं गेलें कीं उन्हाळी टायराचें रबर कठीण होतें व पकड सुटते. उलट थंडींत मऊ राहणारें रबर उन्हांत लवकर झिजतें. बारमाही टायर ही या दोहोंमधील तडजोड होय. त्यावर ‘एम प्लस एस’ हीं अक्षरें पाहून भागत नाहीं; कारखानदार तीं परीक्षेवांचूनहि घालूं शकतो. तीन शिखरांच्या डोंगरांत हिमकण, हें चिन्ह मात्र हिमावरील परीक्षेनंतरच मिळतें. १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनींत बर्फाळ रस्त्यावर तेंच ग्राह्य आहे. पुतण्याच्या टायरांवर नेमकें तेंच नव्हतें!

आम्हीं त्यास कळविलें: नित्याचें जाणेंयेणें शहरांतलें, तर हें चिन्ह असलेले बारमाही टायर पुरेत, आल्प्सकडे वरचेवर जाणार असाल, तर हिवाळी संच निराळा ठेवा. खांचांची खोली कायद्यास १.६ मिलिमीटर चालते; हिवाळ्यांत ४ तरी असावी. सामान्य नियमानें रोजचा व्यवहार चालतो. विशेष प्रसंगीं विशेष नियमच बलवान्, हें व्याकरण शिकलेल्यास निराळें सांगावयास नको.